शेणाचं इन्स्पेक्शन

हेल्मेट घालायला घुले मामांनी साफ नकार दिला.

"टोपी सोडून डोक्याला कधी काय लावलं न्हाय मी. हे टोपलं कशापायी? आन् गाई बुजतील ना मला बघून."

"तुम्ही समजवा हो यांना," असं म्हणून दामले सरांनी हेल्मेट माझ्या हातात कोंबलं आणि ते बाहेरचा बोर्ड सरळ लागलाय का बघायला गेले.

दामले सर आमच्या कंपनीचे मालक. मी त्यांच्याकडे एक्स्पोर्ट सांभाळते. घुले मामांचा पुण्याजवळ मांजरी गावात गोठा आहे. चारी बाजूंनी टॉवर उठलेत, मध्ये हा गोठा आणि मागे उसाचा एक तुकडा. त्या सकाळी आम्ही तिथे होतो, कारण परदेशातून आलेल्या एक सरकारी अधिकारी बाई आमच्या 'बायो-कल्चर मॅन्युफॅक्चरिंग डिव्हिजन'चं इन्स्पेक्शन करायला हॉटेलवरून निघाल्या होत्या. ती डिव्हिजन म्हणजे हा गोठा. बाईंना हे माहीत नव्हतं. मामांनाही आदल्याच दिवशी कळलं होतं.

हे असं का झालं, ते सांगते. म्हणजे वाचणाऱ्याला वाटायला नको की आम्ही मुळातच वेडे आहोत.

आम्ही बायोगॅसचे प्लांट बनवतो. उरलंसुरलं अन्न, भाजीची देठं, खरकटं असं सगळं एका बंद टाकीत घालायचं. आत हवा नसते. तिथले जिवाणू ते खातात आणि गॅस सोडतात. त्या गॅसवर स्वयंपाक होतो. एवढंच आहे. पण नवी टाकी म्हणजे नुसतं भांडं. दुधाला विरजण लावल्याशिवाय दही होत नाही, तसंच टाकीत सुरुवातीला कुठलेतरी जिवंत जिवाणू घालावे लागतात. ते भरपूर आणि तयार कुठे मिळतात? गाईच्या पोटात. म्हणून ताजं शेण पाण्यात कालवून टाकीत ओततात. याला आमच्या धंद्यात सीडिंग म्हणतात. पुण्यात कुठेही प्लांट सुरू करायचा असला की आम्ही पिंपं घेऊन घुले मामांकडे येतो.

तर पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाचं टेंडर निघालं. मुलींच्या निवासी शाळा, शेकडो मुलींचा स्वयंपाक, आणि तो सगळा लाकडावर. धुराने मुलीही खोकतात आणि स्वयंपाकिणीही. त्या शाळांना बायोगॅस प्लांट हवे होते. ही आमची पहिली एक्स्पोर्ट ऑर्डर ठरणार होती. तिच्यामागे मी किती फिरले, किती मेल लिहिले, किती पहाटे उठून व्हिडिओ कॉल केले, ते माझं मला माहीत.

त्याआधी मी सर्व्हिसला होते. हिंजवडीच्या सोसायट्यांचे सांडपाण्याचे प्लांट माझ्याकडे. रविवारी सकाळी चहाचा कप तोंडाला लावला की फोन. "मॅडम, प्लांटला वास येतोय." सांडपाण्याच्या प्लांटला वास येणार नाही, तर काय वाळ्याचं अत्तर येणार? मग त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग त्यात माझा फोटो, मग कमिटीची मीटिंग. मीटिंगमध्ये सॉफ्टवेअरवाली पोरं मला जिवाणू रीस्टार्ट करून बघा म्हणून सांगायची. दामले सरांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "ही ऑर्डर गेली तर एक्स्पोर्ट डेस्क बंद. हिंजवडी तुमची वाट बघतेच आहे."

त्यामुळे ती ऑफर मी जीव ओतून तयार केली होती. सरांनी शेवटची नजर टाकायला घेतली आणि एका ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

"हे काय? काऊ डंग?"

"शेण, सर. सीडिंगला. आपण नेहमी लिहितो की, शेण ग्राहकाने आणायचं."

"अहो, ते हडपसरच्या कँटीनला. परदेशी सरकारला आपण शेण लिहून पाठवायचं? बरं दिसतं का ते? म्हणतील, आले इंडियावाले शेण घेऊन."

"पण सर, लागतं शेणच."

"लागतं हो. लागणं वेगळं आणि लिहिणं वेगळं."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती ओळ खोडून लिहिलं, प्रोप्रायटरी बायो-कल्चर. म्हणजे फक्त आमच्याच कंपनीकडे मिळणारे खास जिवाणू. मेक, म्हणजे बनवणारा कोण, तर आम्हीच. ओरिजिन, इंडिया. 'ग्राहकाने आणायचं' हे त्यांना भिकारड्यासारखं वाटलं, म्हणून तिथे 'आम्ही पुरवू' असं केलं.

"सर, याचा अर्थ आपल्याला इथून पाठवावं लागेल."

"तिथे गेल्यावर आणू कुठूनतरी. आफ्रिकेत गाई नाहीत का?"

गाई होत्या. त्या देशात गाई इतक्या होत्या की आमच्या मांजरीने लाजावं. पण ऑर्डर आली आणि तिच्यासोबत मालाची यादी आली. त्या यादीत आयटम चौदा, बायो-कल्चर, ओरिजिन इंडिया. सरकारी ऑर्डरच्या यादीत एकदा शब्द बसला की तो ब्रह्मदेवाच्या बापालाही हलवता येत नाही. शिवाय अट अशी, की प्रत्येक वस्तू जिथे बनते तिथे त्यांचा माणूस येऊन ती तपासणार. याला प्री-डिस्पॅच इन्स्पेक्शन म्हणतात. ते पास झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. आमच्या टाक्या, पंप, पाइप सगळं तयार होतं. आणि मेल आला, की आयटम चौदाच्या कारखान्याचा पत्ता कळवावा.

"कुणी शेण खाल्लंय हे?" सर ओरडले.

मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"सर, सरळ सांगून टाकू. ते शेण आहे, तुमच्याकडे मिळेल ते चालेल."

"आणि ते म्हणतील, प्रोप्रायटरी म्हणून लिहून आम्हाला फसवलंत. ब्लॅकलिस्ट करतील. मग हिंजवडीसुद्धा राहणार नाही तुम्हाला."

दुर्दैवाने यात तथ्य होतं. बरं, खरोखरच शेण पाठवावं, तर मी आमच्या शिपिंग एजंटला फोन लावला. तो बिचारा आधी समजला की त्यालाच ऐकू कमी येतंय.

"शेण? जहाजाने? अहो मॅडम, जनावराचं काहीही त्यांच्या बंदरात उतरू देत नाहीत. रोगराईची भीती असते. अख्खा कंटेनर जाळतील ते."

म्हणजे शेण पाठवलं नाही तर ऑर्डर अपुरी, आणि पाठवलं तर कंटेनर जळणार. मला रात्र रात्र झोप लागेना. सर म्हणाले, "आधी इन्स्पेक्शन पास करू. पुढचं पुढे बघू." आमचा निम्मा धंदा या 'बघू'वर चालतो.

त्या 'बघू'पोटी गोठ्याला आतून पांढरा ऑइलपेंट लागला. बाहेर इंग्रजीत बोर्ड लागला. गाईंच्या गळ्यात लॅमिनेट केलेली कार्डं आली, युनिट एक, युनिट दोन. मामा म्हणाले, "चंद्रीला युनिट म्हनू नका बरं का. तिला राग येतो." सर स्वतः बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन एक पॅनेल घेऊन आले. लाल-हिरवे दिवे आणि मध्ये आकडे. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. आकडे आपोआप वाढत होते.

"हे काय मोजतंय, सर?"

"कल्चर," सर म्हणाले. डोळ्यांची पापणीही हलली नाही.

मामांनी शेवटी हेल्मेट घातलं. माझ्याकडे बघून घातलं. मी त्यांना खरं तेच सांगितलं, "मामा, आज हे फसलं ना, तर माझं काही खरं नाही." ते म्हणाले, "आवो मग आधी सांगायचं की," आणि टोपीवरच हेल्मेट चढवलं.

गाडी आली. नमारा मॅडम उतरल्या. उंच, माझ्याच वयाच्या, कडक इस्त्रीचा फुलाफुलांचा पोशाख, चकचकीत बूट, हातात जाडजूड फाइल. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, इथे मराठीत सांगते. आम्ही दिलेले गमबूट त्यांनी बाजूला ठेवले. "मला लागत नाहीत," म्हणाल्या. आत आल्या, उभ्या राहिल्या, आणि चंद्रीकडे बघत राहिल्या.

सर सुरू झाले. "मॅडम, हे पूर्णपणे स्वदेशी तंत्रज्ञान आहे. स्वयंचलित. चोवीस तास उत्पादन."

"आणि हे?" मॅडमनी चंद्रीकडे बोट केलं.

"बायो-रिअ‍ॅक्टर," सर म्हणाले.

धरणी दुभंगावी आणि तिने मला पोटात घ्यावं असं मला वाटलं. नमारा मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी फाइल उघडली.

"रिअ‍ॅक्टर किती?"

"सहा."

"यात कच्चा माल काय घालता?"

"हिरवा चारा. उसाचं वाढं. थोडी पेंड."

"रिअ‍ॅक्टर बंद पडण्याचं प्रमाण?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी मामांकडे वळले. "मामा, त्या विचारतायत, हे कधी बंद पडतं का?"

"भाकड झाली तर दूध बंद पडंल," मामा म्हणाले. "शेन कशाला बंद पडंल?"

"ते म्हणतात, उत्पादन अखंड असतं," मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

तेवढ्यात चंद्रीने शेपूट झाडली. शेपूट ओली. ती नेमकी त्या पॅनेलवर बसली. कशालाही न जोडलेल्या त्या पॅनेलला एक भोंगा मात्र जोडलेला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. तो बोंबलायला लागला. सगळे लाल दिवे एकदम लागले. चंद्री बिथरली, दाव्याला हिसडा देऊन गर्रकन फिरली आणि तिने शेपूट उचलली. समोर नमारा मॅडमचे चकचकीत बूट.

मामांचं अर्धं आयुष्य गोठ्यात गेलंय. त्यांनी विचार केला नाही. डोक्यावरचं हेल्मेट उपसलं, पुढे झेप घेतली आणि सगळं शेण त्या हेल्मेटमध्ये झेललं. एक थेंब खाली पडू दिला नाही.

सरांनी धावत जाऊन पॅनेलची वायर उपटली. भोंगा थांबला. मामा हेल्मेट दोन्ही हातांत धरून उभे. त्यातून वाफ येत होती.

"टोपलं कामाला आलं," मामा म्हणाले.

"ही," सर घसा खाकरत म्हणाले, "ही आमची सॅम्पलिंगची पद्धत आहे."

नमारा मॅडमनी पेन काढलं. "सॅम्पलिंग थेट उत्पादनस्थळी. पात्र, पांढरं, प्लास्टिक," असं स्वतःशी म्हणत लिहिलं. मग फाइल माझ्या हातात दिली, बाही वर केली आणि हेल्मेटमधलं चिमूटभर शेण उचललं. बोटांत चोळलं, हुंगलं.

"हिरवा चारा जास्त होतोय. थोडं वाळलेलं गवत द्या," त्या म्हणाल्या. चंद्रीजवळ गेल्या, तिच्या मानेखाली हात घालून खाजवायला लागल्या आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. आमच्या कुणाच्या बापाला न जुमानणारी चंद्री मान लांब करून गप्प उभी राहिली.

"माझ्या वडिलांकडे असे खूप रिअ‍ॅक्टर आहेत," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाला नाव आहे. युनिट नंबर मात्र अजून कुणाला दिलेला नाही."

सरांचा चेहरा भिंतीवरच्या ऑइलपेंटसारखा पांढरा झाला. मला असह्य झालं. नोकरी गेली तर जाऊ दे, म्हटलं.

"मॅडम, हे शेण आहे. साधं शेण. आम्हाला तसं लिहायची लाज वाटली. माफ करा."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या ऑफरमध्ये लिहिलंय, ताजं वापरावं, पाण्यात समप्रमाणात कालवावं, काड्या काढून टाकाव्यात. आमच्या ऑफिसमध्ये ते वाचून दोन दिवस हसत होते लोक."

"मग तुम्ही एवढ्या लांब आलात कशाला?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

"कारण यादीत आहे. कमिटीने मंजूर केलं, मंत्र्यांनी सही केली. आता मी तिथे शेण लिहिलं तर माल बदलला असं होईल. अख्खं टेंडर रद्द. पुन्हा पहिल्यापासून. तोपर्यंत त्या मुली धुरातच जेवतील. माझी भाची आहे त्यातल्या एका शाळेत." हे सांगताना पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला. "आणि हे मी मंजूर करून पाठवायला सांगितलं, तर आमचं बंदर कंटेनर जाळेल. मी कालपासून हॉटेलवर डोकं धरून बसले आहे. मला वाटलं, तुमच्याकडे काहीतरी उपाय असेल."

म्हणजे इतका वेळ आम्ही त्यांना घाबरत होतो आणि त्या आमच्या भरवशावर आल्या होत्या. मला हसू आलं आणि रडूही.

मामांच्या घरून चहा आला. गोठ्याच्या दारात बाज टाकली. माझी नजर आमच्या टेम्पोतल्या पंपाच्या खोक्यावर गेली. सकाळी तोच टेम्पो तसाच इथे आणला होता. पंप जर्मन कंपनीचा. बनतो भोसरीत. मालक भोसरीचा, कामगार भोसरीचे, लोखंडही इकडचंच. नाव मात्र जर्मन, कारण जर्मनांनी बनवायचा परवाना दिलाय. याला लायसन्स म्हणतात आणि ते सगळ्या जगात चालतं.

"मॅडम," मी म्हटलं, "आयटम चौदा भारतीयच राहील. तंत्रज्ञान आमचं. पण ते तुमच्या देशात बनेल. आमच्या लायसन्सखाली, स्थानिक रिअ‍ॅक्टर वापरून."

नमारा मॅडमनी कप खाली ठेवला. "म्हणजे तंत्रज्ञान हस्तांतरण."

"हो."

"कागदपत्रं लागतील."

"देऊ."

"आणि पहिल्या बॅचला तुमच्या तज्ज्ञाने तिथे येऊन मंजुरी द्यावी लागेल."

"देतील की."

आम्ही दोघीही घुले मामांकडे बघत होतो. ते हेल्मेट धुवत होते.

वकिलाकडून करार झाला. त्यात 'परवानाधारकाने स्थानिक जैविक रिअ‍ॅक्टरद्वारे कल्चरचे उत्पादन करावे' अशी झकास वाक्यं होती. सरांची भीड तोवर चेपली होती. त्यांनी हळूच रॉयल्टीचं कलम घातलं. मी म्हटलं, "सर, शेणावर रॉयल्टी मागितलीत तर मी स्वतःहून हिंजवडीला जाते." कलम निघालं.

कंटेनर सुटला. त्यानंतर मामांचा पासपोर्ट झाला आणि आमच्या इंजिनिअरबरोबर मामा विमानात बसले. पोचल्यावर त्यांचा फोन आला.

"मॅडम, हिकडच्या गाईंची शिंगं बघा! माज्या हाताएवढी हायेत. शेन मात्र आपल्यासारकंच."

"मंजूर करताय ना मग?"

"केलं की. हुंगून केलं. आन् आपलं टोपलं हाय हितं. त्यातच दिलं त्यांनी हुंगायला."

टोपलं होतं, कारण नमारा मॅडमच्या रिपोर्टमध्ये सॅम्पलिंगचं पात्र, पांढरं, प्लास्टिक असं लिहिलेलं होतं. रिपोर्टमध्ये आलं म्हणजे ते यादीत आलं. प्रत्येक प्लांटबरोबर आम्हाला एकेक हेल्मेट पाठवावं लागलं. आजही त्या शाळांमध्ये शेण हेल्मेटमधून आणतात आणि आमच्या हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आहे, याचं सरांना कौतुक आहे.

मग व्हिडिओ आला. मोठी चूल, तिच्यावर भलंमोठं पातेलं, खाली निळी ज्योत, आणि दारात गर्दी करून टाळ्या पिटणाऱ्या मुली. त्यांतली एक खोकल्याचं नाटक करून दाखवत होती आणि बाकीच्या खिदळत होत्या. नमारा मॅडमनी खाली लिहिलं होतं, ही माझी भाची. मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. सरांनी माझ्याकडे टिश्यूचा बॉक्स सरकवला, मग त्यातला एक स्वतः घेतला.

एक्स्पोर्ट डेस्क राहिला. हिंजवडीला दुसरा मुलगा नेमलाय. त्याचा फोन रविवारी बंद असतो, शहाणा आहे.

या सगळ्यातून मी धडा घेतला, की जे आहे ते त्याच्या नावाने लिहावं. परवा नमारा मॅडमच्या शेजारच्या देशाचं टेंडर आलं. त्यात मी सरांना न विचारता स्पष्ट लिहिलं, काऊ डंग, ताजं, ग्राहकाने आणायचं. छाती भरून आली होती माझी.

काल त्यांचा खुलासा मागणारा मेल आला. काऊ डंगचा मेक आणि मॉडेल नंबर कळवावा, अन्यथा ऑफर अपुरी समजून बाद केली जाईल.

सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून तो वाचत होते. काही बोलले नाहीत. पुण्याच्या माणसाला तेवढं पुरतं.

मी उत्तर टाइप केलं. मेक, गाय. मॉडेलपाशी जरा थांबले. टेंडरची भाषा आता मलाही येते. लिहिलं, चंद्री, ऑर इक्विव्हॅलंट.